स्टोकसे कॅसल : एका मध्ययुगीन इंग्लिश मॅनर हाउसची वास्तुरचना आणि तिचे जतन

प्रस्तावना

इंग्लंडच्या पश्चिमेकडील श्रॉपशर परगण्यात, वेल्सच्या सीमेलगतच्या प्रदेशात, ऑनी नदीच्या खोऱ्यात स्टोकसे कॅसल ही वास्तू उभी आहे. 'कॅसल' या शब्दाचा अर्थ किल्ला असा असला, तरी हे नाव बरेच नंतर रूढ झाले. मुळात ही वास्तू म्हणजे १३व्या शतकाच्या अखेरीस एका लोकर-व्यापाऱ्याने स्वतःच्या निवासासाठी उभारलेले तटबंदीयुक्त मॅनर हाउस होय. इंग्लंडमध्ये अत्यंत चांगल्या स्थितीत टिकून राहिलेल्या अशा प्रकारच्या वास्तूंत तिची गणना केली जाते.

मध्ययुगीन इंग्लंडमध्ये अशी घरे मोठ्या संख्येने होती. त्यांपैकी काही पाडली गेली, काहींचे पुढील शतकांत भव्य प्रासादांत रूपांतर झाले, तर काही ओस पडून ढासळली. स्टोकसेचे दालन, मनोरे, जिना आणि छताची लाकडे मात्र सातशेहून अधिक वर्षांनंतरही मूळ जागी आहेत. हे कसे घडले, हा या वास्तूच्या अभ्यासातील सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर जसे वास्तूच्या रचनेत आहे, तसेच तिच्या वाट्याला आलेल्या उपेक्षेतही आहे. प्रस्तुत लेखात या वास्तूची रचना, तिच्यामागील सामाजिक हेतू आणि तिच्या संरक्षणाचा इतिहास यांचा परामर्श घेतला आहे.

मॅनर हाउस : संकल्पना

मध्ययुगीन इंग्लंडमधील सरंजामी व्यवस्थेत 'मॅनर' हा जमीनधारणेचा मूलभूत घटक होता. त्यात धन्याच्या खासगी कसणुकीची जमीन, कुळांच्या ताब्यातील शेते, कुरणे, गिरणी आणि बहुधा चर्च यांचा अंतर्भाव असे. या घटकाचा धनी जेथे राहत असे ते घर म्हणजे मॅनर हाउस. ते केवळ निवासस्थान नव्हते. कुळांचे तंटे जेथे सोडवले जात ते न्यायासन, जेथे सारा गोळा होई ती कचेरी आणि जेथे सणावारी पंगती बसत ते भोजनगृह, अशी तिन्ही कामे या घराच्या मध्यवर्ती दालनात चालत.

मराठी वाचकाला या संदर्भात 'गढी' हा शब्द आठवणे स्वाभाविक आहे. गावाच्या कारभाराचे केंद्र आणि संरक्षित निवासस्थान ही दोन्ही लक्षणे गढीतही आढळतात. तथापि गढी आणि वाडा यांची मांडणी चौकाभोवती होते, तर इंग्लिश मॅनर हाउसची मांडणी एका उंच, छतापर्यंत मोकळ्या असलेल्या दालनाभोवती होते. दालनाच्या एका टोकाला धन्याच्या खासगी खोल्या आणि दुसऱ्या टोकाला सेवाकार्याची जागा, ही त्याची सर्वसाधारण रचना होय. स्टोकसेची वास्तू याच नमुन्यावर उभी आहे.

लॉरेन्स ऑफ लडलो आणि वास्तूची उभारणी

स्टोकसे या नावातील 'स्टोक' हा वस्तीवाचक जुना इंग्लिश शब्द असून 'से' हे १२व्या शतकात येथे नांदलेल्या द से घराण्याचे नाव आहे. इ. स. १२८१ मध्ये ही मालमत्ता लॉरेन्स ऑफ लडलो या व्यापाऱ्याच्या हाती आली. लडलो हे येथून जवळचेच व्यापारी नगर. लॉरेन्सचे वडील निकोलस हेही लोकरीचे व्यापारी होते. त्या काळी लोकर ही इंग्लंडची सर्वांत महत्त्वाची निर्यात होती. वेल्सच्या सीमेवरील मेंढपाळ प्रदेशातील लोकर समुद्रापार विणकरांच्या नगरांत जाई. या व्यापारात लॉरेन्स आपल्या पिढीतील अग्रगण्य ठरला. राजा पहिला एडवर्ड यालाही त्याच्या संपत्तीचा आधार घ्यावा लागे.

उभारणीचा काळही लक्षात घेण्याजोगा आहे. १२८२-८३ मध्ये एडवर्डने वेल्स जिंकले आणि सीमेवरील सततची धास्ती कमी झाली. सीमाप्रदेशात मोठ्या खिडक्यांचे, ऐसपैस घर बांधण्याचे धाडस करता यावे, अशी परिस्थिती प्रथमच निर्माण झाली. लॉरेन्सने याच दशकात दालन आणि त्यालगतच्या खोल्यांचे काम केले. १२९१ मध्ये त्याला राजाकडून घराला तट व चर्या बांधण्याचा परवाना मिळाला. म्हणजे घर आधी उभे राहिले आणि तटबंदीचा मान नंतर लाभला, हा क्रम ध्यानात घ्यावा लागतो.

लॉरेन्सला या घराचे सुख फार काळ लाभले नाही. १२९४ मध्ये फ्रान्सशी युद्ध सुरू होताच राजाने लोकरीच्या प्रत्येक गोणीवर ४० शिलिंगांचा जबर कर बसवला. या करास व्यापाऱ्यांच्या वतीने संमती मिळवण्यात लॉरेन्सचा पुढाकार होता. व्यापाऱ्यांनी कराचा भार लोकर पिकवणाऱ्यांवर ढकलला आणि त्यांना मिळणारा भाव कोसळला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लोकर घेऊन समुद्रापार निघालेले त्याचे जहाज सफक परगण्यातील ऑल्डबराच्या किनाऱ्याजवळ बुडाले आणि त्यात त्याचा अंत झाला. लोकर उत्पादक मठांपैकी एका मठाच्या बखरकाराने या मृत्यूत दैवी न्याय पाहिला. स्टोकसेच्या दगडी भिंतींमागे उभी असलेली संपत्ती सर्वांनाच प्रिय नव्हती, हे यावरून दिसून येते.

वास्तूची रचना

(अ) मुख्य दालन : स्टोकसेचे दालन सुमारे ५४ फूट लांब, ३१ फूट रुंद आणि ३४ फूट उंच आहे. एवढ्या रुंदीच्या दालनावर छप्पर घालताना त्या काळचे सुतार सामान्यतः मध्ये खांबांच्या दोन ओळी उभ्या करीत. येथे मात्र जमिनीवर एकही खांब नाही. बाकदार लाकडांच्या जोड्या दोन्ही भिंतींकडून उचलून माथ्याकडे एकत्र आणल्या आहेत आणि त्यांतून तीन प्रचंड कमानी साधल्या आहेत. या कमानींना आडव्या तुळयांनी परस्परांशी जखडले आहे. छपराचा भार कमानींवरून भिंतींकडे उतरतो आणि खालची सर्व जागा मोकळी राहते. लाकडांचे खालचे भाग कालांतराने कुजले, तेव्हा १९व्या शतकात त्यांच्याखाली दगडी आधार देण्यात आले. आज कमानी या आधारांवर टेकलेल्या दिसतात.

दालनाच्या दोन्ही अंगांना उंच, टोकदार कमानीच्या खिडक्या आहेत. त्यांची उंची भिंतीत मावत नसल्याने प्रत्येक खिडकीच्या माथ्यावर छप्पर कापून स्वतंत्र त्रिकोणी शिखर काढले आहे. धूर जाण्यासाठी धुराडे नव्हते. जमिनीच्या मध्यभागी अष्टकोनी आगटी होती, ती आजही पाहावयास मिळते. आगटीचा धूर उंच छतात साठून फटींतून बाहेर पडे. छताच्या उंचीमागे भव्यतेबरोबरच ही व्यावहारिक गरजही होती.

(आ) उत्तर मनोरा आणि जिना : दालनाच्या उत्तर टोकाला तीन मजली मनोरा आहे. त्याचा सर्वांत वरचा मजला लाकडी चौकटीचा असून खालच्या दगडी भिंतींच्या पुढे झुकलेला आहे. या मनोऱ्याकडे जाणारा दालनातील लाकडी जिना १३व्या शतकातील आहे. त्याच्या पायऱ्या अखंड ओंडक्यांतून घडवलेल्या आहेत. मध्ययुगीन लाकडी जिना मूळ जागी आणि वापरण्याजोग्या स्थितीत टिकणे, ही अत्यंत दुर्मीळ बाब आहे. स्वयंपाकघर, भटारखाना आणि कोठारे अंगणात स्वतंत्र होती. १८०० च्या सुमारास ती पाडली गेली.

(इ) सोलर : दालनाच्या दक्षिणेस धन्याच्या कुटुंबाची खासगी खोली आहे. मॅनर हाउसमधील अशा खोलीस 'सोलर' ही संज्ञा आहे. ती वरच्या मजल्यावर असून तिच्यात थेट दालनातून जाता येत नाही. दालनाबाहेर येऊन बाहेरच्या जिन्याने वर जावे लागते. मात्र सोलरच्या भिंतीत लहान झरोके असून त्यांतून दालनातील हालचाल पाहता येते. पंगतीतून उठून आलेल्या धन्याला खाली काय चालले आहे याची खबर राहावी, अशी ही योजना होती. एकत्र भोजनाच्या जुन्या रीतीकडून खासगी जीवनाकडे होणारी वाटचाल या दोन गोष्टींतून, म्हणजे स्वतंत्र जिना आणि झरोका यांतून स्पष्ट होते. सोलरमधील लाकडी भित्तिफलक आणि शेकोटीवरील कोरीव काम १७व्या शतकातील आहे. ते एके काळी भडक रंगांनी रंगवलेले होते.

(ई) दक्षिण मनोरा : दक्षिण टोकाचा मनोरा पूर्णतः दगडी, तीन मजली आणि असमान बाजूंच्या पंचकोनी आराखड्याचा आहे. त्याच्या जाड भिंतींच्या पोटात जिने आणि शौचकूप बसवले आहेत. भिंती अशा पोकळ झाल्याने बांधकाम कमकुवत होऊ लागले. तेव्हा उभारणीच्या वेळीच बाहेरून दोन मोठ्या आधारभिंती द्याव्या लागल्या. तळघरात विहीर होती आणि तेथे पूर्वी केवळ वरच्या मजल्यावरूनच उतरता येई. संकटसमयी आसरा आणि एरवी मौल्यवान वस्तूंची तिजोरी, असा या मनोऱ्याचा दुहेरी उपयोग होता.

(उ) तटबंदी, खंदक आणि देवडी : घराभोवती खंदक असून त्याच्या आत तट होता. खंदकाच्या तळापासून मोजल्यास हा तट सुमारे ३४ फूट उंच होता. आज खंदक कोरडा आहे आणि तटाचा बराच भाग खाली उतरलेला आहे. अंगणात प्रवेश होतो तो दुमजली, लाकडी चौकटीच्या देवडीतून. मूळ दगडी देवडीच्या जागी ही देवडी १६४०-४१ मध्ये बांधली गेली. तिच्या लाकडांवर आदम, ईव्ह, सर्प आणि ज्ञानवृक्ष यांची शिल्पे कोरलेली आहेत. तिच्यात संरक्षणाचा विचार जवळजवळ नाही. शोभा हाच तिचा प्रधान हेतू आहे.

वृक्षवलयांची साक्ष

या वास्तूचे कालनिर्धारण केवळ शैलीवर अवलंबून नाही. समशीतोष्ण हवामानात ओक वृक्ष दरवर्षी एक वलय धारण करतो. अनुकूल वर्षी वलय रुंद आणि प्रतिकूल वर्षी अरुंद होते. एका प्रदेशातील वृक्षांत या रुंद-अरुंद वलयांचा क्रम सारखा असतो. जुन्या तुळईतील क्रम ज्ञात क्रमाशी जुळवला आणि सालीलगतचे शेवटचे वलय शिल्लक असले, तर वृक्ष कोणत्या वर्षी तोडला हे सांगता येते. मध्ययुगीन सुतार ओक ओलाच वापरीत, कारण वाळलेले ओक तासणे अवघड जाते. त्यामुळे तोडणीचे वर्ष आणि उभारणीचे वर्ष यांत फारसे अंतर राहत नाही. स्टोकसेच्या लाकडांच्या अशा तपासणीतून मुख्य वास्तू १२८०च्या दशकातील असल्याला दुजोरा मिळाला आणि देवडीचे सालही निश्चित झाले.

या पद्धतीचा एक व्यावहारिक अर्थ जतनाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. जुनी तुळई काढून तशीच दिसणारी नवी बसवली, तर डोळ्यांना फरक जाणवणार नाही, परंतु त्या लाकडातील साक्ष कायमची नष्ट होईल. मूळ द्रव्य टिकवण्याचा आग्रह केवळ भावनिक नसतो, हे यावरून ध्यानात येते.

किल्ला की घर?

खंदक, तट, चर्या आणि मनोरे पाहता ही वास्तू लढाऊ वाटते. परंतु दालनाच्या उंच खिडक्या केवळ अंगणाकडे नाहीत, तर घराच्या बाहेरील बाजूसही आहेत. शत्रूच्या बाजूस एवढी मोठी खिडकी ठेवणारा माणूस दीर्घ वेढ्याची तयारी करीत नव्हता, हे उघड आहे. चोर-दरोडेखोर आणि किरकोळ हल्ले यांना तोंड देण्यापुरतीच ही संरक्षणव्यवस्था होती.

मग मनोरे कशासाठी? एडवर्डने याच काळात वेल्समध्ये कॉन्वी, कार्नार्व्हन, हार्लेक असे बलाढ्य किल्ले उभारले. स्टोकसेचा दक्षिण मनोरा लहान प्रमाणावर त्यांच्या घडणीची आठवण करून देतो. चर्या बांधण्याच्या परवान्याचा अर्थ केवळ लष्करी मानू नये, तो राजाने दिलेला सन्मानही होता, असे चार्ल्स कुल्सन या अभ्यासकाने साधार प्रतिपादन केले आहे. जन्माने सरदार नसलेल्या लॉरेन्ससाठी या सन्मानाचे मोल विशेष होते. त्याने बांधलेले घर राहण्याच्या दृष्टीने घरच होते, मात्र दुरून पाहणाऱ्याला ते सरदाराचे ठाणे वाटावे, अशी त्याची घडण होती.

या नाजूक किल्लेपणाची खरी परीक्षा इंग्लंडच्या यादवी युद्धात झाली. तेव्हा ही वास्तू क्रेव्हन घराण्याकडे होती आणि तेथे राजपक्षाची शिबंदी होती. जून १६४५ मध्ये पार्लमेंटचे सैन्य येताच शिबंदीने फारसा प्रतिकार न करता ठाणे स्वाधीन केले. पुढे १६४७ मध्ये पार्लमेंटच्या आदेशाने तट उतरवण्यात आला, मात्र निवासी भागास धक्का लागला नाही. लगतच्या चर्चची या काळात हानी झाली व त्याची बरीच पुनर्बांधणी करावी लागली. स्टोकसे खरोखरीचा बळकट किल्ला असता, तर तोफांनी आणि सुरुंगांनी तो जमीनदोस्त झाला असता. त्याची लष्करी दुर्बलता त्याच्या पथ्यावर पडली.

उपेक्षा आणि जतन

१८व्या शतकापासून ही वास्तू शेतकरी कुळांच्या वापरात गेली. ज्या दालनात एके काळी पंगती बसत, तेथे धान्य साठवले जाऊ लागले. पिंपे बनवण्याचे कामही येथे चाले. दक्षिण मनोऱ्याच्या तळाशी लोहाराची भट्टी होती. १८३० मध्ये तिच्यातून लागलेल्या आगीत मनोऱ्याचे आतील मजले जळून गेले. आज दिसणारे मजले त्यानंतरचे आहेत.

या उपेक्षेने वास्तूची हानी केली, तसेच तिला एका वेगळ्या संकटापासून वाचवलेही. धनवान मालक येथे राहत असते, तर त्यांनी काळाच्या रुचीनुसार दालनात मजले घातले असते, खिडक्या बदलल्या असत्या आणि आगटीच्या जागी संगमरवरी शेकोटी आणली असती. इंग्लंडमधील असंख्य मॅनर हाउसची मध्ययुगीन ओळख अशा 'सुधारणां'नीच पुसली गेली. कोठाराच्या वाट्याला सुधारणा येत नाहीत.

१९व्या शतकाच्या मध्यास स्थानिक पुरातत्त्वप्रेमी फ्रान्सिस स्टॅकहाउस ॲक्टन या विदुषीने मालकाकडे दुरुस्तीचा पाठपुरावा केला आणि १८५०च्या दशकात काम सुरू झाले. १८६९ मध्ये हातमोज्यांच्या उद्योगातून धनवान झालेले जॉन डर्बी ऑलक्रॉफ्ट यांनी ही मालमत्ता विकत घेतली. स्वतःच्या निवासासाठी त्यांनी जवळच स्टोकसे कोर्ट हे वेगळे घर बांधले. जुन्या वास्तूची त्यांनी दुरुस्ती केली, परंतु तिची कल्पनेने पुनर्रचना केली नाही.

हा निर्णय त्या काळाच्या संदर्भात असाधारण होता. व्हिक्टोरियन काळात 'जीर्णोद्धारा'च्या नावाखाली जुन्या इमारतींतील नंतरची भर खरवडून काढून त्यांना एका कल्पित आदर्श रूपात आणण्याची प्रथा बळावली होती. त्याविरुद्ध विल्यम मॉरिस यांनी १८७७ मध्ये प्राचीन वास्तूंच्या संरक्षणासाठी संस्था स्थापन केली. वास्तूला वेळोवेळी दुरुस्तीने सांभाळावे, तिला जुनी भासेल असे नवे रूप देऊ नये, ही त्यांची भूमिका होती. स्टोकसे येथे झालेले काम याच विचाराशी सुसंगत आहे. १९०८ पासून वास्तू शुल्क आकारून अभ्यागतांसाठी खुली करण्यात आली. १९८६ मध्ये ती इंग्लिश हेरिटेज या संस्थेच्या पालकत्वाखाली आली आणि १९९२ मध्ये मालकीणबाईंच्या निधनानंतर मृत्युपत्रान्वये त्या संस्थेच्या मालकीची झाली.

कायदेशीर संरक्षणाचे स्वरूप

इंग्लंडमध्ये वास्तुसंरक्षणाचे दोन समांतर मार्ग आहेत. पहिला मार्ग १८८२ च्या प्राचीन स्मारक कायद्यापासून सुरू होतो. हल्ली तो १९७९ च्या कायद्यानुसार चालतो. या कायद्याखाली अनुसूचित झालेल्या स्मारकात दुरुस्तीसह कोणतेही काम करण्यापूर्वी शासनाची संमती आवश्यक असते. दुसरा मार्ग १९४७ च्या नगररचना कायद्यापासून रूढ झालेल्या सूचीचा. तीत इमारतींच्या श्रेणी ठरवल्या जातात आणि पहिली श्रेणी अपवादात्मक महत्त्वाच्या मोजक्याच इमारतींना मिळते. स्टोकसे कॅसल पहिल्या श्रेणीत सूचीबद्ध आहे, तसेच अनुसूचित स्मारकही आहे. २०१५ पासून सूचीविषयक काम हिस्टॉरिक इंग्लंड ही संस्था पाहते, तर वास्तूची देखभाल इंग्लिश हेरिटेज हा धर्मादाय न्यास करतो.

संरक्षणाचा अर्थ मात्र वास्तूला एखाद्या ठरावीक सालात गोठवणे असा नाही. स्टोकसे येथे १३व्या शतकातील जिना, १७व्या शतकातील देवडी व भित्तिफलक आणि १९व्या शतकातील दगडी आधार हे सर्वच संरक्षित आहेत. लॉरेन्सचे घर जसेच्या तसे दाखवायचे म्हटले, तर कोरीव देवडी पाडावी लागेल आणि सोलरचे काष्ठकाम उतरवावे लागेल. तसे केल्यास हाती येणारे घर लॉरेन्सचे नसेल, ते आजच्या अभ्यासकांच्या कल्पनेतील घर असेल.

समारोप

स्टोकसे कॅसलच्या अभ्यासातून तीन बाबी स्पष्ट होतात. पहिली, मध्ययुगीन मॅनर हाउसची रचना ही सामाजिक संबंधांची रचना होती. सामुदायिक दालन, खासगी सोलर आणि सुरक्षित मनोरा यांच्या परस्परस्थानावरून धनी आणि त्याचे आश्रित यांच्यातील अंतर मोजता येते. दुसरी, तटबंदीचा हेतू नेहमी युद्ध हाच नसतो. नव्या संपत्तीला जुनी प्रतिष्ठा मिळवून देण्याचे साधन म्हणूनही ती वापरली जाते. तिसरी बाब जतनाशी संबंधित आहे. ही वास्तू दीर्घकाळ टिकली ती बऱ्याच अंशी योगायोगाने. शत्रूला ती पाडण्याची गरज वाटली नाही आणि मालकाला ती बदलण्याची गरज वाटली नाही.

योगायोगावर कायम विसंबता येत नाही. भट्टीच्या एका ठिणगीने मनोऱ्याचे मजले जळाले, तसे दालनाचे छप्परही जळू शकले असते. १९व्या शतकानंतर योगायोगाची जागा जाणीवपूर्वक निर्णयांनी घेतली आणि पुढे त्या निर्णयांना कायद्याचे अधिष्ठान मिळाले. कुजलेल्या लाकडाखाली नवा दगड द्यावा, परंतु लाकूड फेकू नये. नव्या दुरुस्तीने जुनेपणाचा आव आणू नये. नंतरच्या काळाची भर हा दोष न मानता इतिहासाचा भाग मानावा, ही तत्त्वे स्टोकसेच्या दालनात प्रत्यक्ष पाहता येतात. तेथील बाकदार कमानी आणि त्यांच्याखालचे दगडी आधार यांत सहाशे वर्षांचे अंतर आहे, आणि ते लपवलेले नाही.